व्हिसा नवऱ्याचा, कोर्ट सगळ्यांचं

न्यू जर्सीतल्या एका कौंटी कोर्टात मी अधूनमधून मराठी दुभाषी म्हणून काम करते. दुभाष्याला शपथ असते, कोणाच्याही केसमधलं बाहेर बोलायचं नाही. त्यामुळे इथे कोणाची कहाणी वाचायला मिळणार नाही. पण एक वाक्य सांगते, कारण ते कोणा एकीचं उरलेलं नाही: "त्यानं माझ्यावर हात उचलला."

मराठी घरात वाढलेल्या कोणालाही याचा अर्थ विचारावा लागत नाही. पण नवशिक्या दुभाष्यानं शब्दाला शब्द ठेवला की इंग्रजी रेकॉर्डवर उतरतं, 'ही रेझ्ड हिज हँड'. हात वर केला. मग पुढे काय? शाळेत उत्तर येत असलं की आपणही हात वर करायचो. समोर बसलेल्या न्यायाधीशाला मारहाण झाल्याचं ऐकूच येत नाही, आणि जे ऐकू आलं नाही ते आदेशात लिहिलं जात नाही. उलटा घोटाळाही होतो. "त्यानं मला टाकलं" याचं 'ही थ्रू मी' झालं, तर न्यायाधीश जखमा कुठे आहेत ते विचारायला लागतात. बाई गोंधळते, आणि गोंधळलेली बाई खोटं बोलतेय असं वाटायला वेळ लागत नाही.

भाषेचं एवढं लांबण लावलं त्याला कारण आहे. अमेरिकेत तुम्ही देशात राहायचं की नाही हे ठरवणारी माणसं वेगळी आणि तुमच्यावर झालेला अन्याय ऐकणारी माणसं वेगळी. व्हिसा आणि ग्रीन कार्ड हा केंद्र सरकारचा कारभार. मारहाण, घटस्फोट, मुलाचा ताबा, पालकत्व हे सगळं राज्याच्या कोर्टात. राज्याचा न्यायाधीश व्हिसा देऊ शकत नाही, नाकारूही शकत नाही. पण त्यानं 'मी हे पाहिलं, हे ऐकलं, हे घडलं असं मला आढळलं' असं कागदावर लिहिलं, की त्या कागदाला इमिग्रेशनच्या दारात वजन येतं. काही अर्जांना तर त्याच्याशिवाय दारच उघडत नाही.

"तुझे कागद माझ्या हातात आहेत"

आपल्या लोकांमध्ये ही धमकी सर्रास चालते आणि ती निव्वळ पोकळ नसते, हीच अडचण आहे. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. तिचा व्हिसा त्याच्या व्हिसाला टांगलेला. त्याची नोकरी गेली की तिचा दर्जा धोक्यात, घटस्फोट झाला की तिचा एच-४ संपला. नोकरीची परवानगीही सरसकट नाही. २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना ती मिळते, पण त्यासाठी नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचलेली असावी लागते. पुण्यात किंवा नाशकात चांगली नोकरी सोडून आलेली बाई इथे स्वतःच्या नावाचं बँक खातं नसलेली होऊन बसते. पासपोर्ट कपाटात, किल्ली त्याच्याकडे.

नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असला तर गोष्ट थोडी वेगळी. पूर्वी बायकोचा ग्रीन कार्डचा अर्ज त्यानंच भरायचा आणि वाटेल तेव्हा मागे घ्यायचा. म्हणजे मारणाऱ्याच्याच हातात दोरी. १९९४ मध्ये महिलांवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'वावा' म्हणतात. तेव्हापासून छळ झालेली बायको स्वतःचा अर्ज स्वतः भरू शकते, नवऱ्याला कळवावंही लागत नाही. नावात महिला असल्या तरी छळ झालेला नवरा आणि मुलंही यात बसतात. पुढे एक भर पडली: अमेरिकन नागरिक झालेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून छळ सोसणारे आईबापही असा अर्ज करू शकतात. नातवंडं सांभाळायला बोलावलेल्या आजीआजोबांची काही घरांतली अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही भर का पडली ते वेगळं सांगायला नको.

पण एच-१बी वाल्याच्या बायकोला हे दार बंद आहे, कारण नवरा नागरिकही नाही आणि ग्रीन कार्डवालाही नाही. तिच्यासाठी दोन वाटा. एक म्हणजे नोकरीची परवानगी: एच आणि आणखी काही व्हिसांवरच्या छळ झालेल्या जोडीदारांसाठी ही सोय २००५ च्या सुधारणेत मंजूर झाली, आणि तिचा अर्ज घ्यायला सुरुवात झाली थेट फेब्रुवारी २०१७ मध्ये! मधली ११-१२ वर्षं कायदा पुस्तकात होता आणि बाई स्वयंपाकघरात. ही सोय तिला देशात राहण्याचा स्वतंत्र हक्क देत नाही, पण हातात पगार देते. दुसरी वाट यू व्हिसाची, आणि तिथे न्यायाधीशाची सही येते.

सही कशावर असते

यू व्हिसा २००० साली आला. घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार, पाठलाग, अपहरण, खंडणी, गंभीर मारहाण अशा ठरावीक गुन्ह्यांचा बळी ठरलेल्या परदेशी माणसासाठी तो आहे. गुन्ह्यामुळे शरीराला किंवा मनाला मोठी इजा झालेली असावी, गुन्ह्याची माहिती असावी आणि तपासात किंवा खटल्यात त्यानं मदत केलेली असावी, करत असावा किंवा करण्याची शक्यता असावी. १६ वर्षांखालचं मूल असेल तर ही मदत त्याच्या वतीनं आई, वडील किंवा पालक करू शकतात. व्हिसा मिळाला की ४ वर्षांचा दर्जा आणि ३ वर्षांनंतर ग्रीन कार्डचा अर्ज. गुन्हेगार नवरा असो, दुकान लुटणारा अनोळखी माणूस असो की कामावरचा मालक, फरक पडत नाही. नवऱ्याचा व्हिसा राहिला काय, गेला काय, याचाही संबंध नाही. "तो तुरुंगात गेला तर मलाही परत जावं लागेल" म्हणून तक्रारच न करणाऱ्या बायकांपर्यंत हे एवढं पोहोचलं तरी पुष्कळ.

या अर्जासोबत एक पुरवणी फॉर्म जोडावा लागतो. तो अर्जदारानं भरायचा नसतो. पोलीस, सरकारी वकील, बालसंरक्षण खातं, कामगार खातं किंवा न्यायाधीश यांपैकी कोणीतरी भरून सही करायची. फॉर्म रुक्ष आहे: गुन्ह्यांच्या नावांपुढे चौकोन, कायद्याचं कलम, तारीख, ठिकाण, इजा काय झाली, आणि मग मुख्य प्रश्न, या व्यक्तीनं मदत केली का. खाली सही. सही झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे, नाहीतर तो कागद शिळा होतो.

पुष्कळ न्यायाधीश इथे कचरतात. मी तटस्थ, मग एका बाजूसाठी सही कशी करू, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यात गैरसमज आहे. सही म्हणजे 'हिला व्हिसा द्या' अशी शिफारस नव्हे. 'माझ्यासमोर हे प्रकरण आलं, त्यात हा गुन्हा घडल्याचं दिसलं, या बाईनं साक्ष दिली' एवढंच त्यात आहे. व्हिसा द्यायचा की नाही हे पुढे इमिग्रेशन खातं कागद तपासून, बोटांचे ठसे घेऊन ठरवतं. आरोपीला शिक्षा झाली असलीच पाहिजे अशीही अट नाही. मारणाऱ्याला दूर ठेवणारा मनाईहुकूम मागायला आलेल्या बाईनं शपथेवर सांगितलेली हकिगतही मदत ठरू शकते.

कॅलिफोर्नियानं हा संकोच कायद्यानंच मोडून काढला. तिथे २०१६ पासून पात्र बळीला हे प्रमाणपत्र देणं बंधनकारक आहे, न्यायाधीशांनाही, आणि माणसानं मदत केली असं गृहीत धरूनच सुरुवात होते. आधी त्यासाठी ९० दिवसांची मुदत होती, नंतर ती ३० दिवसांवर आणली. सगळीकडे असा कायदा नाही. एका गावात महिनाभरात सही मिळते आणि शेजारच्या गावात फोनही कोणी उचलत नाही, हा लॉटरीचा प्रकार अजून आहे.

आता कटू भाग. वर्षाला फक्त १०,००० यू व्हिसा मिळतात आणि थांबलेले अर्ज लाखांच्या घरात आहेत. जून २०२१ पासून मधली सोय झाली: प्राथमिक तपासणीत अर्ज खरा वाटला तर रांगेत असतानाच नोकरीची परवानगी आणि हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण. तिथवर पोहोचायलाही वर्षं जातात. दुसरी कटू गोष्ट म्हणजे गैरवापर. २०२३ च्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात किराणा आणि दारूच्या दुकानांत खोटे दरोडे घडवून आणले होते. गल्ल्यावरच्या माणसानं गुन्ह्याचा बळी म्हणून यू व्हिसाचा अर्ज करावा, हा डाव, आणि त्यासाठी त्यानंच पैसे मोजलेले. या प्रकरणातली बरीच माणसं भारतीय. अशा उद्योगांमुळे खऱ्या बळीकडेही संशयानं बघितलं जातं, म्हणून राग येतो. तरीही न्यायाधीशाची सही इथे उपयोगाचीच आहे, कारण साक्षीदाराला समोर बसवून, उलटतपासणी ऐकून केलेली नोंद खोटेपणालाही पकडते.

कोर्टात गेलं तर पकडतील का?

हा प्रश्न मला व्हरांड्यात सर्वांत जास्त ऐकू येतो. उत्तर देण्याचा मला अधिकार नाही, दुभाष्यानं सल्ला द्यायचा नसतो. इथे मात्र सांगते.

मनाईहुकूम मागायला कोणत्याही राज्यात व्हिसाची अट नाही. न्यू जर्सीत फी नाही, वकील असावाच असंही नाही. तात्पुरता हुकूम त्याच दिवशी मिळू शकतो, कोर्ट बंद असेल तर पोलीस ठाण्यातून न्यायाधीशाशी संपर्क करून रात्रीसुद्धा. अंतिम सुनावणी साधारण १० दिवसांत लागते. अंतिम हुकमाला न्यू जर्सीत मुदत नसते, कोर्टानं रद्द करेपर्यंत तो चालू राहतो. हा दिवाणी हुकूम आहे, त्यानं नवरा आपोआप तुरुंगात जात नाही. तो मोडला तर मात्र गुन्हा होतो, आणि परदेशी नवऱ्यासाठी तर हद्दपारीचं कारणही ठरू शकतं.

हुकमात काय मागावं, हे बहुतेकांना माहीत नसतं. घरात येऊ नको, फोन करू नको, एवढ्यावर बायका थांबतात. मुलांचा तात्पुरता ताबा, घरभाडं, खर्च हेही मागता येतं. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची मागणी कागदांची: माझा आणि मुलांचा पासपोर्ट, व्हिसाच्या मंजुरीची पत्रं, लग्नाचा दाखला परत द्या. न्यायाधीशाला हे सुचेलच असं नाही. पासपोर्ट हा कुलुपासारखा वापरला जातो, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं.

नवरा इमिग्रेशनला पत्र लिहून 'ही खोटारडी आहे, लग्नच बनावट होतं' असं कळवेल, ही भीती असते. त्यासाठी केंद्राच्या कायद्यात गुप्ततेचं कलम आहे. वावा, यू किंवा टी व्हिसाच्या अर्जाची माहिती खातं नवऱ्याला देऊ शकत नाही आणि केवळ त्याच्या सांगण्यावरून तिच्याविरुद्ध निर्णय घेऊ शकत नाही. टी व्हिसा मानवी तस्करीच्या बळींसाठी असतो. फसवून आणून पासपोर्ट काढून घेतलेली, पगाराशिवाय राबवलेली मोलकरीण त्यात बसू शकते.

आणि पकडण्याचं काय? खोटा दिलासा देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारनं कोर्टाच्या आवारात अटक करण्यावरची आधीची बंधनं सैल केली. न्यूयॉर्कसारख्या राज्यानं २०२० मध्येच कायदा करून कोर्टात येणाऱ्याला न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय इमिग्रेशनसाठी अटक करायला मनाई केली आहे, पण सगळीकडे असं नाही. वैध व्हिसावर असलेल्या बाईनं या भीतीनं घरी बसू नये. जिचा व्हिसा संपला आहे तिनं आधी वकिलाशी किंवा बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी बोलावं, आणि व्हिडिओवरून हजर राहण्याची परवानगी मागता येते का ते पाहावं. न्यू जर्सीत १९८५ पासून 'मानवी' ही दक्षिण आशियाई स्त्रियांची संस्था हे काम करते आहे.

मुलांचं प्रकरण

मुलांसाठी वेगळी वाट १९९० पासून आहे. सोप्या मराठीत सांगायचं तर, आईबापांनी मारलं, टाकलं किंवा आबाळ केली अशा परदेशी मुलाला ग्रीन कार्डकडे नेणारा विशेष दर्जा. मूल २१ वर्षांखालचं, अविवाहित आणि अमेरिकेत असलं पाहिजे. हा अर्ज कोर्टाच्या आदेशाशिवाय करताच येत नाही. राज्याच्या कोर्टानं तीन गोष्टी लिहायला हव्यात: मूल कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या कोणाच्या ताब्यात आहे, आईवडिलांपैकी एकाकडे किंवा दोघांकडे त्याला परत सोपवणं शक्य नाही, आणि मायदेशी परत पाठवणं त्याच्या हिताचं नाही. 'एकाकडे किंवा दोघांकडे' हे शब्द २००८ च्या दुरुस्तीतले आहेत, आणि त्यावरूनच मोठा वाद झाला. तो वाद न्यू जर्सीत झाला आणि त्यातला मुलगा भारतातला होता.

एच. एस. पी. विरुद्ध जे. के. हे प्रकरण. मुलांची नावं झाकायची म्हणून सगळी आद्याक्षरंच. वडील व्यसनी, घर सोडून गेलेले. मुलगा शाळा सोडून बांधकामावर राबत होता, त्यात पाठीचं आणि त्वचेचं दुखणं जडलेलं. मग त्याला अमेरिकेत मामाकडे धाडलं. मामानं ताबा मागितला आणि वरची निरीक्षणं लिहून द्या अशी विनंती केली. वरिष्ठ कोर्टानं म्हटलं की पंधरा वर्षांच्या मुलानं काम करणं भारताच्या कायद्याविरुद्ध नाही, मग आईनं छळ केला असं कसं म्हणायचं? आणि फक्त वडिलांनी टाकलं म्हणून भागणार नाही.

ऑगस्ट २०१५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं हे फिरवलं. भारताचा कायदा काय म्हणतो ते सोडा, न्यू जर्सीच्या कोर्टानं न्यू जर्सीचाच कायदा लावायचा. आईबद्दल वेगळं, वडिलांबद्दल वेगळं निरीक्षण लिहायचं. त्यातून दर्जा द्यायचा की नाही हे इमिग्रेशन खातं ठरवेल, तुम्ही आधीच दार लावून घेऊ नका. आपल्याकडे पंधरा वर्षांच्या पोरानं विटा वाहिल्या तर 'घराला हातभार लावतो' असं कौतुक होतं. तीच गोष्ट दुसऱ्या देशाच्या कोर्टात आबाळ या शब्दाखाली तपासली जाते. मला स्वतःला यात दोन्हीकडचं थोडं खरं वाटतं. पोटासाठी पोराला कामाला लावणारी आई क्रूर नसते. पण कोर्ट तिला शिक्षा करत नाही, मुलासमोर काय उरलंय ते बघतं.

या वाटेवर वयाचा काटा टोचतो. केंद्राची मर्यादा २१, पण बऱ्याच राज्यांत कोर्टाचा अधिकार १८ ला संपतो. न्यूयॉर्कमध्ये पालकत्वाचा अर्ज २१ पर्यंत करता येतो, कॅलिफोर्नियानं २०१६ पासून तशी सोय केली. इतरत्र सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाची फाइल पुढच्या महिन्यावर ढकलली तर ती कायमची बंद होऊ शकते. तारीख पे तारीख इथेही चालते, फक्त इथे तारखेबरोबर वय सरकतं. आणि हा दर्जा मिळालेलं मूल पुढे नागरिक झालं तरी आईवडिलांना कधीही बोलावू शकत नाही, जिनं काही वाईट केलं नाही त्या आईलासुद्धा. घरच्यांना हे आधी समजावून सांगावं लागतं, कारण बरेचदा ते त्याच आशेवर असतात. ग्रीन कार्डच्या रांगेतही वर्षं जातात. रांगेतल्या मुलांना हद्दपारीपासून संरक्षण देणारं २०२२ चं धोरण सरकारनं जून २०२५ मध्ये मागे घेतलं आणि तो वाद कोर्टात गेला.

घटस्फोटाबद्दल एकच सांगते. ग्रीन कार्डसाठी बायकोला प्रायोजित करताना नवऱ्यानं पोषणाच्या हमीपत्रावर सही केलेली असते, दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांपर्यंत तिचा सांभाळ करण्याची. घटस्फोटानं ती हमी संपत नाही. बायको नागरिक होईपर्यंत, तिच्या ४० तिमाही कामाच्या भरेपर्यंत किंवा देश कायमचा सोडून जाईपर्यंत ती लागू राहते आणि कोर्टातून वसूल करता येते. एच-४ वर असलेल्या बाईला याचा उपयोग नाही, तिच्यासाठी घटस्फोटाची तारीख महत्त्वाची. हुकूमनामा निघण्याआधी पुढचा अर्ज गेला आहे ना, हे तिनं वकिलाला विचारून घ्यावं.

आता माझ्या कामापुरतं. अर्ज भरताना खिडकीवर भाषा विचारतात. आपल्या बायका लाजून 'इंग्लिश चालेल' म्हणतात किंवा कारकून 'हिंदी' लिहून मोकळा होतो. मग फोनवर हिंदीचा दुभाषी येतो. त्याला "कोंडून ठेवलं" कळतं, "जाच" कळत नाही, आणि "घालून पाडून बोलायचा" म्हटल्यावर तो म्हणतो, ही बाई पडली होती. दुभाष्याचे पैसे कोर्ट देतं, आणि सोबत आलेल्या आठ वर्षांच्या मुलीला दुभाषी करायचं नसतं. भाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहा. दुभाषी चुकतोय असं वाटलं तर न्यायाधीशाकडे बघून हात वर करा, आणि तेव्हा तो खरोखरच वर करायचा आहे.